एवेनोरची गिरकी

मला उघडताना आधी नाकाला रुमाल लावा, मित्रांनो. मी एक जुनी फिल्म आहे आणि माझ्या पत्र्याच्या डब्याचे झाकण निघाले की व्हिनेगरसारखा भपकारा येतो. म्हातारपणी आम्हा फिल्मांना असा वास सुटतोच, त्याची मला लाज वाटत नाही. तुम्ही मात्र तोंड वाकडे करून लगेच झाकण लावू नका. आधी माझे ऐका, मग काय ते ठरवा.

माझ्यात नायक-नायिका नाहीत, गाणीही नाहीत. मी माहितीपट आहे. निकाराग्वात, मासाया शहराला लागून मोनिंबो नावाची वस्ती आहे. तिथल्या लोकांनी एका फेब्रुवारीत रस्त्यातले फरशीचे दगड उपटून आडवे रचले आणि हुकूमशहाच्या गार्डला, म्हणजे त्याच्या फौजेला, वस्तीत शिरू दिले नाही. चपला शिवणारे होते, झोळ्या विणणारे होते, बाजारात मक्याचे पदार्थ विकणाऱ्या बायका होत्या. बंदुका फारशा कोणाकडे नव्हत्या. पण मोनिंबोत घरोघर फटाके बनतात, त्यामुळे आपटबार कसा वळायचा हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी तोच आपटबार मुठीएवढा केला, आणि शोभेचे काम करणारे हात लढाईला लागले.

खबऱ्यांनी ओळखू नये म्हणून लोकांनी तोंडावर नाचाचे मुखवटे चढवले. हे मुखवटे बारीक तारेच्या जाळीचे असतात, त्यावर गुलाबी गाल आणि निळे डोळे रंगवलेले असतात. सणाच्या नाचात पुरुषच पुरुषाचे सोंग घेतात आणि पुरुषच बाईचे. एकाला मिशीचा मुखवटा, त्याच्या जोडीदाराला लाल ओठांचा. आत कोण आहे हे बघणाऱ्यांनी ओळखायचे. तोंड झाकलेले, हातात मोजे, म्हणजे ओळखायला उरतात फक्त पावले. प्रत्येक नाचणाऱ्याची ठेवण वेगळी असते आणि मोनिंबोतले शेंबडे पोरही ती ओळखते. नाव बरोबर निघाले तरी कोणी कोणाचा मुखवटा ओढत नाही. ज्याने चढवला तोच तो उतरवतो. हे आधीच सांगून ठेवले, कारण माझ्या डोक्याला पुढे जो ताप झाला तो सगळा यातूनच झाला.

मला जन्म दिला देल्फिना उरोस या तरुण शिक्षिकेने. तिचा मामा लग्नाच्या आणि बारशाच्या फिल्मा काढत असे. त्याचा चावीचा कॅमेरा घेऊन ती एका झोळीवाल्याच्या कौलांवर पालथी पडून राहिली. एकदा चावी दिली की कॅमेरा जेमतेम अर्धा मिनिट चाले, मग पुन्हा चावी. म्हणून मी सगळी तुकड्यातुकड्यांची आहे. ऐन धुमश्चक्रीत चावी संपली आणि पुढचे आकाशच आले, असे माझ्यात कितीदा तरी झाले आहे. काढलेल्या फिती देल्फिनाच्या मावशीने केळीच्या पानांतल्या गरम नाकातमालांच्या टोपलीत, अगदी तळाशी घालून सरहद्दीपार नेल्या. तपासनाक्यावरच्या शिपायाने वरचे दोन नाकातमाल खाल्ले आणि टोपली जाऊ दिली. मका आणि डुकराचे मटण, हा माझ्या आयुष्यातला पहिला वास.

पुढच्या वर्षीच्या जुलैत हुकूमशहा पळाला. मग देल्फिनाने तुकडे जोडले, त्यावर आपल्या आवाजात निवेदन चढवले आणि मेक्सिकोतल्या एका प्रयोगशाळेत माझी पहिली प्रत निघाली. ती पहिली प्रत म्हणजेच मी. अंगावर एक ओरखडा नव्हता, मित्रांनो. तेव्हा तुम्ही मला पाहायला हवे होते!

माझ्यातला सगळ्यांत गाजलेला तुकडा गिरकीचा. प्रार्थनामंदिराच्या कोपऱ्यावरून गार्डचा ट्रक येतो. दगडांच्या आडोशातून एकजण उभा राहतो. त्याच्या तोंडावर लाल ओठांचा, गालावर तीळ असलेला बाईचा मुखवटा आहे. तो डावी टाच जमिनीवर आपटतो, जागच्या जागी एक गिरकी घेतो आणि त्या गिरकीतूनच हात सोडतो. धूर होतो. ट्रक मागे मागे जातो. बस, एवढेच.

वस्तीतला माझा पहिला खेळ शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर झाला. दोन चादरी शिवून पडदा केला होता. देल्फिनाला वाटले होते, लोक गंभीर होतील, रडतील. कसले काय! पहिला मुखवटा पडद्यावर आला आणि सणातल्यासारखा कल्ला सुरू झाला.

"तो बघ, तो बघ, न्हावी!"

"न्हावी कसला? न्हाव्याचे पाय फेंगडे. त्याचा मेव्हणा आहे तो!"

"आणि ती दगड उचलणारी? अगं रेमेदियोस, तूच की गं ती! मागून ओळखलं तुला!"

"मागून काय ओळखतोस मेल्या, तोंड धुऊन ये आधी!"

देल्फिनाने रात्ररात्र जागून लिहिलेले निवेदन कोणाच्या कानावरही पडले नाही. ती बिचारी प्रोजेक्टरजवळ हिरमुसून बसली. मला मात्र फार मजा आली. माझ्याशी इतक्या जणांनी एकदम बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते, आणि त्यानंतरही कुठल्या मोठ्या थिएटरात ऐकले नाही.

मग गिरकी आली. टाच आपटली. मागून एक पोरगेलासा आवाज ओरडला, "अरे, हा तर काये…" आणि तिथेच थांबला, कारण शेजारच्या बाईने त्याला कचकन चिमटा काढला होता.

पहिल्या रांगेत दोन्या तोमासा उभी राहिली होती. ही तोमासा नामेंदी मोनिंबोतले मुखवटे रंगवायची; मानाने सगळे तिला दोन्या म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा एवेनोर त्या फेब्रुवारीत गार्डच्या हाती लागला. पुन्हा तो कोणाला दिसला नाही. प्रेत मिळाले नाही, खड्डा मिळाला नाही, पुरायला एक चप्पलसुद्धा मिळाली नाही. तिने पडद्याकडे बोट केले.

"हा तीळ माझ्या हातचा आहे," ती म्हणाली. "त्यानंच मागून घेतला होता. आई, मला जरा नखरेल कर म्हणाला. एवेनोर आहे हा. माझा एवेनोर."

तीळ तोमासाच्या हातचा होता, मुखवटा एवेनोरचाच होता. पण टाच एवेनोरची नव्हती. हे तिथल्या प्रत्येकाला दिसले होते. टाच होती एवेनोरच्या जोडीदाराची, कायेतानो पुतोयची. आणि हा कायेतानो, फटाके बनवणारा, थोराड अंगाचा, जिवंत माणूस, तिच्या मागच्याच रांगेत बसला होता.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो उठला आणि तोमासाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होय, दोन्या. एवेनोरच तो. मी बाजूलाच होतो ना."

"परत लाव गं पोरी," तोमासा देल्फिनाला म्हणाली. "परत लाव तेवढं."

देल्फिनाने फीत मागे घेतली आणि पुन्हा लावली. त्या संध्याकाळी गिरकी किती वेळा झाली, मला विचारू नका.

वस्तीत असे आणखी काही खेळ झाले आणि मग मी राजधानीत गेले. पहिल्या आठवड्यात माझी फार वाहवा झाली. मानाग्वाच्या थिएटरात लोक उभे राहून टाळ्या वाजवत. मी डब्यात फुगून बसत असे. आणि मग रोसेंदो अराऊस मला बघायला आला.

हा अराऊस राजधानीतल्या वर्तमानपत्रात चित्रपटांवर लिहायचा. त्याच्याविषयी तुमचे मन कलुषित करायची माझी इच्छा नाही. हुकूमशहाच्या काळात सरकारी चित्रपटांना खोटे म्हटल्याबद्दल तो तुरुंगात जाऊन आला होता. खोट्याची त्याला चीड होती, आणि आपल्या लोकांच्या खोट्याची अधिकच. त्याने लिहिले की फिल्म मनाला भिडते, पण गिरकीचा प्रसंग उघड उघड रचलेला आहे. समोर बंदुका असताना कोणता माणूस नाचाचे पाऊल घेतो? दिग्दर्शिकेने तो नंतर, निवांतपणी, सांगून करवून घेतला असणार. आणि एक प्रसंग रचलेला असेल, तर बाकीच्यांवर विश्वास का ठेवावा?

झाले! ज्यांनी मला पाहिलेही नव्हते तेही 'ती बनवलेली फिल्म' म्हणू लागले. बाहेरदेशच्या दोन मासिकांनी अराऊसचेच म्हणणे उचलून छापले. युरोपातल्या एका महोत्सवाला मला पाठवायचे ठरत होते, ते अडले. निवड समितीने देल्फिनाला निरोप दिला की आरोप खोडून काढा, मग बघू. मला किती लागले म्हणून सांगू! मी भिकार आहे म्हणाले असते तरी चालले असते. लांबट आहे, हलते, अंधारी आहे, हे सगळे कबूल. पण खोटी?

देल्फिनाकडे उत्तर होते. ती मला पिशवीत घालून थेट कायेतानोच्या फटाक्यांच्या खोपटात आली. तो कागदाच्या नळ्या वळत बसला होता.

"कायेतानो, उद्या माझ्याबरोबर मानाग्वाला चल," ती म्हणाली. "मुखवटा चढवायचा, अराऊससमोर ती गिरकी घ्यायची आणि सांगायचं की तो मी आहे, मला कोणी शिकवलं नाही, माझं पाऊलच तसं पडतं. दोन मिनिटांचं काम. सगळ्यांची तोंडं बंद."

"नाही जमायचं."

"का नाही जमायचं? तूच आहेस ना तो?"

"मीच आहे."

"मग?"

कायेतानोने हातातली नळी खाली ठेवली.

"खबऱ्यांना नाचातले मुखवटे पाठ झाले होते," तो म्हणाला. "मिशीवाला म्हणजे कायेतानो, फटाकेवाला, बॉम्ब त्याच्या घरी बनतात, हे गार्डला कळलं होतं. सकाळी एवेनोर म्हणाला, दे तुझी मिशी इकडे, मी मागच्या गल्लीनं माल पोचवतो. तू माझे ओठ लाव. हसत होता. म्हणाला, आज तरी तू बाई हो, दर वर्षी मीच का? त्याला मिशीसकट धरला त्यांनी, देल्फिना. माझ्या नावानं धरला."

देल्फिनाने पिशवी मांडीवर घेतली. मग अगदी हळू म्हणाली, "हे दोन्या तोमासाला माहीत नाही?"

"तिला काय सांगू? तू ज्याला एवेनोर म्हणून बघतेस तो मी आहे, आणि तुझा पोरगा माझ्या बदल्यात गेला, असं?"

"आणि माझी फिल्म? अरे, लोक मला खोटारडी म्हणतायत!"

"तू दुसरी फिल्म काढशील, बाई," कायेतानो म्हणाला. "तिला दुसरा एवेनोर मी कुठून आणू?"

पिशवीत बसून मी हे ऐकले. खरे सांगते, मला कायेतानोचा राग आला. माझी अब्रू त्या माणसाच्या टाचेत होती आणि तो नळ्या वळत बसला होता! मी खरी आहे हे सिद्ध करणारा साक्षीदार जिवंत, धडधाकट, आणि तो तोंड उघडायला तयार नाही. तुमच्यावर कधी खोटा आळ आला असेल तर तुम्हाला माझे दुःख कळेल.

तेव्हाच मला माझ्यातला दुसरा एक तुकडा आठवला. गिरकीच्या बराच आधी, मागच्या गल्लीच्या तोंडाशी मिशीच्या मुखवट्याचा एकजण टोपली घेऊन वाकून पळत जातो. कॅमेरा दुसरीकडे वळत असतो, म्हणून तो धूसर आहे, कडेला आहे. जरासा अडखळतो आणि भिंतीआड होतो. तोच एवेनोर. तो तुकडा आला की तोमासा शेजारणीशी बोलत असे किंवा रुमालाने चष्मा पुसत असे, कारण तिचा जीव पुढच्या गिरकीत गुंतलेला. कायेतानो मात्र तेवढा एकच तुकडा बघे आणि मग मान खाली घाली. माझ्या एवढ्याशा पडद्यासमोर हे दर खेळाला चालले होते आणि मला कळत नव्हते.

देल्फिनाने शेवटी अराऊसलाच मोनिंबोत बोलावले. तो आला, हे त्याच्या मोठेपणाचेच म्हणायचे. उकाड्यात कोट घालून तो मैदानावरच्या बाकावर बसला. रेमेदियोसने त्याला पिनोलचा, म्हणजे मक्याच्या सरबताचा, प्याला दिला. खेळ सुरू झाला, कल्ला सुरू झाला, आणि हा शहाणा माणूस पडद्याऐवजी लोकांकडेच बघत राहिला. गिरकी झाली. फीत मागे गेली, पुन्हा झाली. मग दिवे लावल्यावर तो उभा राहिला.

"माझ्या शंकेचा राग मानू नका," तो म्हणाला. "तो मुखवट्यातला माणूस कोण आहे?"

"एवेनोर नामेंदी," तोमासा म्हणाली. "माझा मुलगा."

"तो इथं आहे का?"

"गार्डनं नेला."

अराऊसने टोपी काढली. "मला माफ करा, आई. पण मला एवढं सांगा, समोर बंदूक असताना त्याला नाच कसा सुचला?"

"सुचायला कशाला हवं?" तोमासा म्हणाली. "तुम्ही कोपरा वळताना आधी कुठला पाय टाकता ते ठरवता का? आमच्याकडं पोरगं चालायच्या आधी नाचतं. हात लांब फेकायचा तर अंगाला झोका नको? तो झोका त्यानं टाचेतून घेतला."

"दुसरं कोणी असं फेकतं का? मला एकदा दाखवाल का कोणी?"

सगळ्यांच्या माना कायेतानोकडे वळल्या आणि लगेच दुसरीकडे फिरल्या. कोणी आकाशाकडे बघू लागले, कोणी पिनोलच्या प्याल्यात. कायेतानो आपल्या चपलांकडे बघत होता. त्याची डावी टाच जमिनीला घट्ट टेकलेली होती.

अराऊसने ते सगळे पाहिले. कायेतानोकडे पाहिले, मग तोमासाकडे. आंधळा नव्हता तो, बघणे हाच तर त्याचा धंदा होता. "बरं," तो म्हणाला आणि त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "फिल्म परत एकदा लावाल का? सुरुवातीपासून."

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा लिहिले. त्या लेखात कायेतानोचा उल्लेख नव्हता. त्याने लिहिले की गिरकी खरी की रचलेली याचा पुरावा मला मिळाला नाही, म्हणून माझी शंका मी मागे घेऊ शकत नाही. पण ही फिल्म ज्यांची आहे त्यांच्यात बसून ती पाहिली, आणि तशी पाहण्याआधी मी तिच्यावर लिहायला नको होते. मला ते वाचून दाखवले तेव्हा आधी मी चिडलेच. अर्धी माफी घेऊन मी काय करू? मग वाटले, पुरी माफी द्यायची तर त्याला पुरे सत्य छापावे लागले असते. माणसाने आपली शंका स्वतःकडे ठेवून घेतली आणि म्हातारीचा मुलगा तिच्याकडे राहू दिला. त्यानंतर मी त्याच्याविषयी वाईट बोललेले नाही.

निवड समितीला मात्र असल्या गोष्टींशी देणेघेणे नव्हते. देल्फिनाने रडत रडत माझी नवी प्रत करवून घेतली. त्यात गिरकी कापली होती. ती माझी धाकटी बहीण युरोपात गेली, बक्षीस घेऊन आली, शाळाशाळांतून फिरली. समीक्षकांनी लिहिले, किती संयमित फिल्म! मला हेवा वाटला, का नाही वाटणार? मी लांबलचक, बनावट ठरलेली, मोनिंबोच्या प्रार्थनामंदिरात मेणबत्त्यांच्या कपाटात जाऊन पडले.

पण दर फेब्रुवारीत वस्ती मला बाहेर काढी. धाकटीचे नाव काढायचीसुद्धा तिथे सोय नव्हती. "त्या फिल्मेत आमचा एवेनोर नाही," रेमेदियोस फणकाऱ्याने म्हणायची, "ती तुमची तुम्ही बघा." प्रोजेक्टर चालवायला कायेतानो शिकला. गिरकी झाली की तोमासा हात वर करी, आणि तो न बोलता फीत मागे घेई. मित्रांनो, फिल्म झिजते ती अशी. माझे बाकीचे अंग बरे होते, पण त्या तुकड्याच्या कडेची भोके फाटत चालली होती, पाऊस पडावा तशा रेघा त्यावर पडल्या होत्या. कपाटातल्या दमटपणाने उरलेले काम केले.

वर्षे गेली. सरकारे बदलली, मैदानाला पत्र्याचे छप्पर आले, कल्ला करणाऱ्यांपैकी कितीतरी जण गेले. एका फेब्रुवारीतल्या खेळाच्या काही आठवडे आधी कायेतानो मला एकटाच तपासून बघत होता. गिरकीच्या ऐन तोंडाशी भोके सुटली, मी दातऱ्यांत अडकले, घडी घडी होऊन चिणले गेले आणि दिव्याच्या धगीने करपले. त्याने झडप घालून यंत्र बंद केले. पण टाचेपासून धुरापर्यंत काही उरले नव्हते. हातात आले ते तपकिरी चुरगळे. थोराड माणूस तो, जमिनीवर फतकल मारून बसला आणि पोरासारखा रडला.

त्याने देल्फिनाला कळवले. ती आता केस पांढरे झालेली निवृत्त बाई होती. तिने सगळीकडे शोधले. मूळ फितीतून कापलेले तुकडे कधीच कोणीतरी कचऱ्यात टाकले होते. धाकटीत ते नव्हतेच. जगात ती गिरकी फक्त माझ्याकडे होती आणि आता माझ्याकडेही नव्हती.

"दोन्याला सांगावं लागेल," देल्फिना म्हणाली.

"तिला आता नीट दिसतही नाही," कायेतानो म्हणाला. "नुसता उजेड-अंधार कळतो. येते ती तेवढ्यासाठीच येते."

त्याने करपलेल्या जागी तेवढ्याच लांबीची कोरी पारदर्शक पट्टी जोडली. का जोडली ते मला तेव्हा कळले नाही.

खेळाच्या संध्याकाळी मैदान भरले. तोमासाला खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत आणले होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि तिला दर खेळाला कोणीतरी, "आता दगड उपटतायत, आता ट्रक येतोय" असे सांगावे लागे. त्या दिवशी प्रोजेक्टरजवळ देल्फिना होती. मी फिरत फिरत त्या जागी आले. पट्टी सुरू झाली आणि पडदा पांढरा झाला. माझ्यातून नुसता उजेड जात होता. लोक कुजबुजले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तेवढ्यात कायेतानो उठला. त्याच्या तोंडावर लाल ओठांचा, तीळवाला मुखवटा होता. तो उजेडात येऊन उभा राहिला आणि त्याची सावली पडद्यावर पडली, मोठी, काळी. त्याने डावी टाच जमिनीवर आपटली. गुडघे साथ देत नव्हते, तरी त्याने गिरकी घेतली आणि हात सोडला.

मग मागून कोणीतरी, सणात ओरडतात तसे ओरडले, "एवेनोर!" आणि मग सगळेच ओरडू लागले. ज्यांनी एवेनोरला कधी पाहिले नव्हते ती पोरेसुद्धा. त्या वस्तीत पाऊल ओळखायला कोणी चुकत नाही, मित्रांनो. त्या दिवशी सगळी वस्ती एकमताने चुकली.

तोमासा मान किंचित कलती करून ऐकत होती.

"आज पाऊल जड पडतंय त्याचं," ती म्हणाली.

रेमेदियोस तिच्या शेजारी होती. "वय झालं की, दोन्या," ती म्हणाली.

"झालंच की," तोमासा म्हणाली. "गुडघे गेले असतील आता. एवढी वर्षं माझ्यासाठी नाचतोय." तिने उजेडाच्या दिशेने हात पुढे केला. "पुरे कर रे बाळा. काढ तो मुखवटा. ये, बस इथं माझ्याजवळ."

कायेतानोने मुखवटा काढला आणि तो तिच्या पायाशी बसला. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, गालावरची दाढीची खुंटे. तिची बोटे मुखवटे रंगवणारी होती, त्यांना चेहरा कळत नाही असे मी म्हणणार नाही. पण तिने कोणाचेही नाव घेतले नाही. "जेवलास का?" एवढेच तिने विचारले.

त्याने नुसती मान हलवली आणि ती तिला हाताने कळली.

कोणी मला खोटी म्हणाले तर त्या दिवसापासून मी उलटून बोलत नाही. तोमासा गेली. तिच्यामागून वर्षभरात कायेतानोही गेला, म्हणून हे सारे आज तुम्हाला सांगता येते आहे.

आता राजधानीतून काही तरुण मंडळी आली आहेत. जुन्या फिल्मा वाचवायच्या, संगणकात उतरवून घ्यायच्या, असे त्यांचे चांगले काम आहे. त्यांनी हातमोजे घालून मला डब्यातून काढले, माझ्या अंगावरची बुरशी मऊ ब्रशने पुसली. फार वर्षांनी कोणी असे जपून हात लावला. तुम्हीही आपल्या घरातल्या जुन्या फिल्मा, फोटो, ध्वनिफिती अशाच जपा, मित्रांनो. त्यांना ओल लागू देऊ नका. आणि त्यातले काही नकोसे, लांबट, खोटे वाटले, तर कापण्याआधी ते बघायला कोण येत होते ते विचारा.

कारण काल त्यातली एक मुलगी मला उजेडावर धरून आपल्या सोबत्याला म्हणाली, "अरे, इथं मध्येच कोरी पट्टी आहे. काहीच नाहीये हिच्यावर. काढून टाकू?"

मला ओरडता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, कोणीतरी धावत जा आणि त्या पोरीचा हात धरा. माझे काहीही कापा, पण ती पट्टी कापू नका. माझ्यातली सगळ्यांत खरी जागा तीच आहे.